बत्तीस जण वर्गात बसले, पुढे काय झालं? कोल्हापुरातल्या एका संशोधन-प्रशिक्षणाचं मूल्यमापन

दुसरी बॅच घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न व्यवस्थापनासमोर होता. पहिल्या बॅचचा अहवाल टेबलावर होता आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. समाधान ५ पैकी ४.६. चाचणीचे सरासरी गुण २५ पैकी ११ वरून १७. शेवटच्या पानावर ग्रुप फोटो. तरीही वैद्यकीय संचालकांनी एक साधी गोष्ट विचारली: या बत्तीस जणांपैकी किती जणांचं संशोधन पूर्ण झालं? अहवालात त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून मूल्यमापन करायचं ठरलं.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. रुग्णालय कोल्हापुरातलं म्हणून कल्पिलं आहे, पण ते कुठलंही एक नाही. आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत. सूत्रं, नियम आणि मूल्यमापनाच्या पद्धती मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

प्रशिक्षण काय होतं

ट्रस्टचं मोठं रुग्णालय, पदव्युत्तर शिक्षणाची सोय असलेलं. संशोधन-प्रशिक्षण नऊ महिन्यांत तीन सत्रांचं, प्रत्येक सत्र चार दिवसांचं. सप्टेंबरात पहिलं सत्र: प्रश्न ठरवणं, अभ्यासाचा आराखडा, सॅम्पल साइझ (अभ्यासाला किती रुग्ण लागतील), प्रोटोकॉल म्हणजे संशोधनाची लेखी योजना लिहिणं. जानेवारीत दुसरं: डेटा भरणं आणि विश्लेषण. मे महिन्यात तिसरं: शोधनिबंध लिहिणं. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रकल्प घ्यायचा, म्हणजे ३२ जण आणि ३२ प्रकल्प.

कोण होते हे ३२? डॉक्टर १४, त्यांतले ८ रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे. सिस्टर ९, फिजिओथेरपिस्ट ४, लॅब टेक्निशियन ३, फार्मासिस्ट २. सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं होतं. हेतू चांगला होता, पण रेसिडेंटला थीसिस करावाच लागतो आणि सिस्टरला संशोधन केल्याबद्दल कोणी विचारत नाही. एकाच हजेरीपटावर असले तरी या दोघांचे रस्ते निराळे होते. पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मूल्यमापनासाठी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची १९५९ पासूनची चार पायऱ्यांची मांडणी आधाराला घेतली: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. ही मांडणी जुनी आहे आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली आहे. पण बहुतेक अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसकण मारतात, हे तिच्यामुळे चटकन दिसतं. हा अहवालही तिथेच बसला होता.

४.६ कुठून आला

फीडबॅक फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी वाटले गेले. तेव्हा वर्गात २६ जण होते. गळालेल्या सहा जणांचं मत सरासरीत नाही, आणि ज्यांना प्रशिक्षण पटलं नाही किंवा झेपलं नाही ते बहुधा याच सहांत असणार. फॉर्मवर नाव लिहायचं होतं आणि फॉर्म दिल्यावरच प्रमाणपत्र हातात मिळत होतं. अशा वेळी कोण २ गुण देईल? प्रश्न होते सभागृह, वक्ते, छापील साहित्य आणि जेवण यांच्याबद्दल. जेवणाला ४.८ मिळाले. कोल्हापुरात यात आश्चर्य नाही, पण त्याने एकूण सरासरी मात्र वर चढली.

या पायरीवर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. फॉर्ममधला एकच रकाना कामाचा निघाला: "उद्यापासून यातलं काय वापराल?" २६ पैकी १७ जणांनी तो कोरा सोडला होता.

सहा गुणांची वाढ, पाच गुणांची वाढ

प्री-टेस्ट ३२ जणांनी दिली, सरासरी ११. पोस्ट-टेस्ट २४ जणांनी दिली, सरासरी १७. अहवालात सरळ १७ मधून ११ वजा केले होते. पण हे दोन गट सारखे नाहीत. पोस्ट-टेस्ट न दिलेल्या ८ जणांची प्री-टेस्टची सरासरी ८ होती, दिलेल्या २४ जणांची १२. म्हणजे कच्चे गळाले आणि त्यांच्या गळण्यानेच सरासरी उंचावली. दोन्ही चाचण्या दिलेल्या २४ जणांची खरी वाढ ५ गुणांची. अशा ठिकाणी प्रत्येकाचे आधीचे आणि नंतरचे गुण जोडीने घ्यावे लागतात. जोडी नसलेल्यांना वगळायचं तर ते कोण होते, हे अहवालात लिहावं लागतं.

दुसरी अडचण अशी की दोन्ही वेळा प्रश्नपत्रिका तीच होती आणि पहिल्या चाचणीनंतर वर्गात उत्तरांवर चर्चाही झाली होती. मग पाच गुणांत आठवणीचा वाटा किती आणि समजेचा किती, हे वेगळं करता येत नाही. हे टाळायचं तर 'अ' आणि 'ब' अशा दोन पत्रिका काढायच्या. अर्ध्या लोकांना आधी 'अ' आणि नंतर 'ब', उरलेल्यांना उलटं. एक पत्रिका थोडी सोपी निघाली तरी तिचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. खर्च काहीच नाही, फक्त २५ प्रश्न जास्त काढावे लागतात.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. प्रश्न ओळखण्याचे होते, करण्याचे नव्हते. केस-कंट्रोल अभ्यासात (आजार असलेले म्हणजे केस, त्यांच्याशी तुलनेला घेतलेले आजार नसलेले म्हणजे कंट्रोल) ऑड्स रेशो हे गुणोत्तर काढतात, हे चार पर्यायांतून ओळखणं वेगळं आणि समोरच्या वॉर्डात कंट्रोल कोणाला म्हणायचं हे ठरवणं वेगळं. पुराव्यावर आधारित वैद्यकातली कौशल्यं तपासण्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली फ्रेस्नो चाचणी याच कारणाने पर्याय देत नाही. प्रसंग देते, उत्तर लिहायला लावते आणि ठरलेल्या निकषांवर गुण देते.

त्याच धर्तीवर सहा महिन्यांनी १९ जणांना एक छोटं काम दिलं. एका आजाराचं प्रमाण २ टक्के असावं असा अंदाज आहे, ५ टक्क्यांची चूक चालेल, तर किती रुग्ण लागतील? सूत्र पाठ होतं: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.०२, गुणिले ०.९८, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३०.१, म्हणजे ३१. बारा जणांनी ३१ लिहून पेन खाली ठेवलं. चौघांचा आकडेमोडीतच घोटाळा झाला. फक्त तिघांनी पुढे लिहिलं की २ टक्के अधिक-उणे ५ म्हणजे उणे ३ ते ७ टक्के, आणि शून्याखाली प्रमाण असू शकत नाही. इथे चुकीची मुभा, म्हणजे किती चूक चालेल ते, १ टक्क्याच्या आसपास घ्यायला हवी. सॅम्पल लहान निघतो म्हणून ५ टक्के धरण्याची ही सवय थीसिसमध्येही सर्रास दिसते, आणि पर्यायी उत्तरांच्या चाचणीत ती कधीच पकडली जात नाही.

आधी ३.४, नंतर ३.५: म्हणजे काहीच शिकले नाहीत?

स्वतःच्या कौशल्याला १ ते ५ गुण द्या, असाही एक फॉर्म होता. सॅम्पल साइझ काढण्यात प्रशिक्षणाआधी सरासरी ३.४, नंतर ३.५. एवढ्यावरून प्रशिक्षण फुकट गेलं असं म्हणता आलं असतं. पण त्याच २४ जणांना शेवटी आणखी एक प्रश्न विचारला होता: आज मागे वळून पाहता सप्टेंबरातल्या स्वतःला किती गुण द्याल? सरासरी १.९. आधी आपल्याला काय येत नाही, हेच माहीत नव्हतं. शिकल्यावर मोजपट्टीच बदलली. स्वयं-मूल्यांकनात हे नेहमी होतं, म्हणून मागे वळून दिलेले गुण वेगळे घ्यावेत. तेही पूर्ण विश्वासाचे नाहीत, कारण नऊ महिने घातल्यावर "काहीच फरक पडला नाही" असं स्वतःबद्दल कोणी सहसा लिहीत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे आणि निर्णय मात्र कशावर तरी वेगळ्यावर घ्यायचा.

नावं झाकून प्रोटोकॉल वाचणं

ते वेगळं काहीतरी म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेले कागद. आठ रेसिडेंटचे थीसिसचे सिनॉप्सिस, म्हणजे आधी द्यायचे संक्षिप्त प्रोटोकॉल, हाताशी होते. त्याच वर्षाच्या, पण प्रशिक्षणाला न बसलेल्या आठ रेसिडेंटचेही होते. असे सोळा सिनॉप्सिस दोन बाहेरच्या वाचकांना दिले, एक मिरजेच्या आणि एक पुण्याच्या. बारा मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण २४.

यात दोन गोष्टी फसल्या आणि दोन्ही सांगण्यासारख्या आहेत. नाव, विभाग आणि तारीख काढली होती, तरी पहिल्याच दिवशी वाचक म्हणाले की कोणते सिनॉप्सिस प्रशिक्षणातले हे ओळखू येतंय. प्रशिक्षणात दिलेल्या साच्याचे मथळे सगळ्यांनी जसेच्या तसे वापरले होते. मग सोळाही कागद एकाच मांडणीत पुन्हा टाइप करून घेतले. दुसरं, "सॅम्पल साइझचं समर्थन" या मुद्द्यावर दोघांचे गुण जुळेनात. पहिल्या सहा सिनॉप्सिसवर वेटेड कापा (दोघांचे गुण किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) जेमतेम ०.३. कारण निकषच मोघम होता. तो असा बदलला: नुसता आकडा असेल तर ०, सूत्र आणि गृहीत प्रमाण दिलं असेल तर १, ते प्रमाण कुठून घेतलं आणि किती महिन्यांत तेवढे रुग्ण मिळतील हेही लिहिलं असेल तर २. पुन्हा वाचल्यावर कापा ०.७ च्या आसपास आला. निकषात उदाहरण लिहिलं नाही तर दोन जाणकारही दोन वेगळ्या गोष्टी मोजत बसतात.

प्रशिक्षित गटाचा मध्यक १५, दुसऱ्याचा ११. फरक पडला तो संशोधन-प्रश्नाची नेमकी मांडणी, सॅम्पल साइझ आणि विश्लेषणाचा आराखडा या तीन मुद्द्यांवर. संमतीपत्राच्या मुद्द्यावर दोन्ही गट सारखेच कच्चे. सोळा कागद म्हणजे थोडेच, आणि हौसेने नाव नोंदवलेले रेसिडेंट मुळातच हुशार असू शकतात, ही शंका उरते. तरी प्रशिक्षणाने काय दिलं याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा हाच होता. वर्ग वाईट नव्हता. घोडं पुढे अडलं.

तारखांची वही

यानंतर एक काम केलं जे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. प्रत्येक प्रकल्पासाठी एक ओळ आणि टप्प्यांच्या तारखा: विषय ठरला, प्रोटोकॉल लिहून झाला, एथिक्स कमिटीकडे (संशोधन नैतिक चौकटीत आहे का हे तपासणाऱ्या समितीकडे) दिला, मंजुरी मिळाली, डेटा गोळा झाला, पूर्ण अहवाल लिहिला, शोधनिबंध पाठवला. "काम चालू आहे" असं लिहायला रकानाच ठेवला नाही. तारीख आहे किंवा नाही.

सुरुवातीपासून १८ महिने झाले तेव्हा वही असं सांगत होती: ३२ विषयांपैकी २१ प्रोटोकॉल लिहून झाले, १५ एथिक्स कमिटीकडे गेले, ११ मंजूर झाले, ७ जणांचा डेटा पूर्ण झाला, ५ अहवाल लिहिले गेले आणि २ शोधनिबंध पाठवले गेले.

३२ पैकी ५. वाईट आहे, पण अजून पूर्ण खरं नाही. ८ रेसिडेंटना थीसिस करावाच लागणार होता, प्रशिक्षण असो वा नसो. प्रशिक्षण न घेतलेल्या आठांनीही सिनॉप्सिस दिलेच होते. म्हणून थीसिस बाजूला काढले. उरलेल्या २४ जणांची वाट अशी: १३ प्रोटोकॉल, ७ कमिटीकडे, ४ मंजूर, २ चा डेटा, २ अहवाल. प्रशिक्षणामुळे झालं असं ज्याबद्दल म्हणता येईल, ते हे दोन.

इथे भाजक कोणता घ्यायचा यावर वाद झाला. संयोजकांचं म्हणणं, जे गळाले ते गळाले, प्रोटोकॉल लिहिलेल्यांपैकी किती पूर्ण झाले ते बघा. पण गळती हाच तर निकाल आहे. पहिल्या दिवशी जे वर्गात बसले तेच भाजकात राहतात. औषधाच्या चाचणीत गोळ्या मध्येच सोडणाऱ्याला आपण मोजणीतून काढत नाही, मग इथे का काढायचं?

कुठे अडलं

१४ मुलाखती घेतल्या, अहवाल लिहिलेल्या पाचही जणांच्या आणि थांबलेल्या नऊ जणांच्या. मुलाखत घेणारी व्यक्ती प्रशिक्षणाशी संबंध नसलेली. "अडचणी काय आल्या?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच येतं: वेळ नाही. त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारलं, या प्रकल्पावर शेवटचं काम कोणत्या दिवशी केलंत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं? लोक मोबाईल उघडून तारीख शोधतात आणि मग खरी गोष्ट बाहेर येते.

सिस्टरांच्या नऊपैकी चारच प्रोटोकॉल झाले आणि एकच कमिटीपर्यंत गेला. कारण एका कागदात होतं. रुग्णालयाच्या अर्जावर "गाईड" आणि "विभागप्रमुख" अशा दोन सह्या लागत. अर्ज थीसिससाठी बनवलेला. सिस्टरांना गाईड नाही आणि त्यांच्या प्रमुख म्हणजे मेट्रन, त्यांच्यासाठी अर्जात जागा नाही. तिघी जणी वॉर्डाच्या सरांकडे सहीला गेल्या, सर म्हणाले हा माझ्या विभागाचा विषय नाही. प्रोटोकॉल तिथेच संपले. नर्सने प्रमुख संशोधक होऊ नये असा नियम कुठेही नव्हता. अडवलं ते फॉर्मने.

जी एक सिस्टर पुढे गेली, तिचा विषय सलाईन लावलेल्या शिरेला येणाऱ्या सुजेचा. अपेक्षित प्रमाण ३० टक्के, चुकीची मुभा ५, म्हणून ३२३ रुग्ण. वर्गात हे बरोबर ठरलं होतं आणि शाबासकीही मिळाली होती. पण तिच्या वॉर्डात अशा निकषांत बसणारे रुग्ण महिन्याला ४०, म्हणजे आठ महिने. चार पानी फॉर्म, एका रुग्णामागे एकूण २५ मिनिटं, म्हणजे १३५ तास. ड्युटीनंतर आठवड्याला दोन तास मिळाले तरी ६७ आठवडे. तिने ५७ रुग्णांवर काम थांबवलं. चुकीची मुभा ५ ऐवजी ७ घेतली असती तर १६५ रुग्ण पुरले असते, आणि फॉर्म एक पानाचा केला असता तर ते जमलंही असतं. हा हिशेब वर्गात कोणी करूनच दाखवला नाही. सॅम्पल साइझचं सूत्र शिकवणाऱ्याने त्याच फळ्यावर महिने आणि तासही मांडायला हवेत.

दुसरी अडचण एथिक्स कमिटीची, पण दोष कमिटीला देऊन भागणार नाही. कमिटी दोन महिन्यांतून एकदा बसत असे. अर्ज दिल्यापासून मंजुरीपर्यंतचा मध्यक ९४ दिवस. वेळापत्रकात गृहीत धरले होते ३०. जानेवारीत विश्लेषणाचं सत्र आलं तेव्हा थीसिस धरून तिघांनाच मंजुरी होती आणि डेटा कोणाकडेच नव्हता. मग तयार फाईल देऊन टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय चाचण्या शिकवल्या. दुसऱ्याच्या शेतातली भांगलण करून आपलं तण जात नाही. सहा-आठ महिन्यांनी स्वतःचा डेटा आला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि तेव्हा शिकवायला कोणी नव्हतं.

या ९४ दिवसांनी एक चांगला विषय पुरता मारला. ऊसतोड करायला आलेल्या गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय, हा एका डॉक्टरांचा विषय. अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. कमिटीने दोन शंका काढल्या: साखर कारखान्याचं परवानगीपत्र नाही आणि संमतीपत्राची भाषा समजणार नाही. दुसरी शंका रास्तच होती. इंग्रजी संमतीपत्राचा शब्दशः अनुवाद होता, "सदर संशोधनातील माझ्या सहभागामुळे उद्भवू शकणाऱ्या संभाव्य जोखमींचे मला आकलन झाले आहे" अशा थाटाचा. बीड-धाराशिवकडून आलेली बाई, जिच्या घरी कदाचित गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, ती यावर अंगठा देईल, पण तिला कळेल काय? "बोटातून दोन थेंब रक्त काढू. थोडं दुखेल. नको वाटलं तर नाही म्हणा, औषधं तरीही मिळतील." एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. दुरुस्ती होऊन मंजुरी आली मार्चमध्ये. तोवर गाळप हंगाम संपत आला होता आणि टोळ्या बैलगाड्या-ट्रॅक्टरसह परत निघाल्या होत्या. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्या डॉक्टर दुसऱ्या गावी नोकरीला गेल्या होत्या.

कोल्हापुरात प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना ऊस आणि पाऊस या दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी मांडाव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की रुग्णालयांचं नेहमीचं काम बाजूला पडतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे कोणाला सांगायला नको. शिरोळ-हातकणंगल्याकडून येणारा कर्मचारी त्या दिवसांत वॉर्डातच पोहोचत नाही, तर फॉर्म कोण भरणार? तरीही कमिटीकडे गेलेल्या, थीसिस नसलेल्या सातपैकी चार प्रोटोकॉलमध्ये डेटा गोळा करायचे महिने जून ते सप्टेंबर लिहिलेले होते.

जे दोन पूर्ण झाले

एक फिजिओथेरपिस्टचा आणि एक फार्मासिस्टचा. दोन्ही आधीच असलेल्या केसपेपरवरचे. रुग्णाची वाट बघायची नाही, वॉर्डाच्या वेळा सांभाळायच्या नाहीत, रेकॉर्ड रूममध्ये दुपारी दोन तास बसलं की दहा केसपेपर होतात. हा योगायोग मानायला आमचं मन तयार नाही.

फार्मासिस्टचा प्रश्न अगदी लहान होता. शस्त्रक्रियेआधीचं प्रतिबंधक अँटिबायोटिक चीर देण्याआधी साधारण तासाभरात जायला हवं. आपल्याकडे ते जातं का? २०० केसपेपर काढले तर ८६ मध्ये देण्याची वेळच लिहिलेली नाही. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधीच एक उत्तर मिळालं. भूलतज्ज्ञांच्या नोंदपत्रकात एक रकाना वाढवला. पुढच्या १०० केसपेपरांत वेळ नसलेले ९ निघाले. हा शोधनिबंध म्हणून कुठेही गेला नाही, त्यामुळे संयोजकांच्या अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता. कर्कपॅट्रिकच्या चौथ्या पायरीवर दाखवण्यासारखं मात्र एवढंच होतं.

छापून आलेले निबंध हाच निकष धरला की आणखी एक धोका असतो. बढतीसाठी निबंध लागतात आणि पैसे भरून पंधरा दिवसांत छापणारी नियतकालिकं रोज ई-मेल पाठवतात. पाठवलेल्या दोन निबंधांपैकी एक अशाच ठिकाणी गेला होता. तो मोजणीत घेतला नाही.

खर्च

वक्त्यांचा प्रवास, मानधन, जेवण, साहित्य मिळून ६ लाख ४० हजार. माणशी २० हजार, असं अहवालात होतं. कर्मचाऱ्यांचा वेळ धरलाच नव्हता. ३८४ पैकी ३१० मनुष्यदिवस हजेरी लागली; दिवसाला सरासरी २,००० रुपये धरले तर आणखी ६ लाख २० हजार. एकूण १२ लाख ६० हजार. थीसिस सोडून पूर्ण झालेल्या प्रत्येक कामामागे ६ लाख ३० हजार. रेसिडेंटचे सिनॉप्सिस सुधारले, त्याची किंमत यातून वजा करायला हवी, पण ती रुपयांत कशी करायची याचा समाधानकारक मार्ग नाही.

दुसऱ्या बॅचसाठी काय ठरलं

रेसिडेंट वेगळे काढले. त्यांना मूलभूत संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावाच लागतो, त्यामुळे तोच भाग पुन्हा वर्गात शिकवायचा नाही. त्याऐवजी सिनॉप्सिस द्यायच्या आधी दोन दिवसांची लेखन-कार्यशाळा आणि नाव झाकून वाचन.

बाकीच्यांसाठी १२ जागा. दोघांची एक टीम, एकूण सहा, आणि प्रत्येक टीममध्ये निदान एक जण डॉक्टर नसलेला. अर्जासोबत विभागप्रमुखांचं किंवा मेट्रनचं पत्र, ज्यात आठवड्याला चार तास ड्युटीतून मोकळे देऊ असं लिहिलेलं आणि ते तास कोणते हेही. पत्र नाही तर जागा नाही. टप्पा चुकला तर पुढच्या सत्राला बोलावणं नाही. हा नियम कडक वाटतो, पण नवा नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या उष्णकटिबंधीय आजारांवरच्या संशोधन-कार्यक्रमाने समन्वय केलेल्या सॉर्ट-आयटी या संशोधन-प्रशिक्षणात तो पहिल्यापासून आहे. तिथे साधारण बाराच जण घेतात, टप्पा हुकला की माणूस बाहेर, आणि शेवटचा टप्पा म्हणजे ठरलेल्या मुदतीत नियतकालिकाकडे निबंध पाठवणं.

पहिला प्रकल्प उपलब्ध नोंदींवरच करायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमिटीच्या तपासणीचे तीन प्रकार आहेत: तपासणीतून सूट, जलद तपासणी आणि पूर्ण कमिटीची बैठक. ओळख काढून टाकलेल्या नोंदींवरचं काम बहुधा पहिल्या दोनांत बसतं. पण सूट आपली आपण घ्यायची नसते, अर्ज कमिटीकडेच जातो आणि निर्णय तीच देते. कमिटीच्या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करायचं सचिवांनी मान्य केलं, आणि अर्जात "गाईड"च्या जागी "प्रमुख संशोधक" आणि "प्रशासकीय प्रमुख" हे शब्द आले. या दुरुस्तीला एक छापील पान आणि दहा मिनिटं लागली.

दुसरं सत्र जानेवारीत नाही. निदान चार टीमचा डेटा भरून, तपासून, बंद झाल्यावरच. डेटा दोघांनी वेगवेगळा भरायचा आणि एपिडेटा या डेटा भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाईल जुळवायच्या. केसपेपरवरच्या कामात आकडे उलटसुलट होण्याच्या चुका नुसत्या नजरेने सापडत नाहीत.

तारखांच्या वहीचं काम एका लिपिकाकडे, महिन्याच्या पाच तारखेला. मूल्यमापनाच्या नोंदी सुरुवातीला, मग ६, १२ आणि १८ महिन्यांनी, आणि भाजक शेवटपर्यंत १२ जण, सहा टीम. सहा महिन्यांच्या नोंदीत चारपेक्षा कमी टीमना कमिटीचा निर्णय मिळालेला असेल, तर निबंधलेखनाचं सत्र रद्द करायचं आणि त्याचे पैसे संख्याशास्त्रज्ञाला दर शनिवारी तीन तास रेकॉर्ड रूमजवळच्या खोलीत बसवण्यासाठी वापरायचे.